दयाळू राजा म्हणजे नेमका कसा? शिबी, महाविजित आणि नारदाचे प्रश्न

गोदाकाठ

दयाळू राजा म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो शिबी. ससाण्याच्या भीतीनं कबुतर येऊन मांडीवर बसलं, राजानं त्याला अभय दिलं. ससाणा म्हणाला, मग माझ्या भुकेचं काय? तेव्हा राजा कबुतराच्या भारंभार स्वतःचं मांस कापून तराजूत टाकू लागला. ससाणा म्हणजे इंद्र, कबुतर म्हणजे अग्नी. महाभारताच्या वनपर्वात ही कथा उशीनराच्याही नावावर येते आणि शिबीच्याही, अनुशासनपर्वात तिसऱ्याच एका राजाच्या नावावर. पाली जातकातला (बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या कथांतला) शिवी राजा तर आंधळ्या ब्राह्मणाला स्वतःचे डोळे काढून देतो. अजिंठ्याला दोन्ही कथा रंगवलेल्या आहेत. १ नंबरच्या लेण्यात कबुतराची, १७ नंबरच्या लेण्यात डोळ्यांची.

या कथेपुढे मी लहानपणापासून हात जोडत आलो आहे. पण सध्या महाभारतातलं सभापर्व आणि दीघनिकाय हा पाली बौद्ध ग्रंथ शेजारी-शेजारी ठेवून वाचतोय आणि वाटायला लागलंय, की दोन्ही परंपरांनी राजाच्या दयेची याहून मोठी कल्पना मांडून ठेवली आहे. कीर्तनात, प्रवचनात, शाळेच्या पुस्तकात ती क्वचितच येते. म्हणून हा धागा.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचं प्रवचन) महाविजित नावाच्या राजाची गोष्ट आहे. कोठारं भरलेली, खजिना भरलेला, आता एक मोठा यज्ञ करावा असं राजाच्या मनात येतं. पुरोहित त्याला थांबवतो. म्हणतो, महाराज, राज्यात चोऱ्या आहेत, गावं लुटली जातायत, वाटा धोक्याच्या झाल्यात. अशा वेळी यज्ञासाठी नवा कर बसवलात तर ते अधर्माचं होईल. बरं, चोरांना मारून, बांधून, हद्दपार करून हे संपवू म्हणाल, तर जे उरतील ते पुन्हा त्रास देतीलच. मग उपाय काय? जे शेती आणि गुरं राखण्याची उमेद धरतात त्यांना बी आणि खाणं द्या. जे व्यापार करू पाहतात त्यांना भांडवल द्या. जे राजाच्या चाकरीत आहेत त्यांना पोटापुरतं वेतन द्या. माणसं आपापल्या कामाला लागतील, राज्याला त्रास देणार नाहीत. राजा तसं करतो. पुढचं वर्णन फार सुंदर आहे: लोक आनंदात, पोरांना छातीवर नाचवत, घरांची दारं उघडी टाकून राहू लागले. त्यानंतर यज्ञ होतो. त्यात एकही पशू मारला जात नाही, यूपासाठी (पशू बांधायच्या खांबासाठी) झाड तोडलं जात नाही आणि राबणाऱ्या दासांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. दासांचं रडणं मोजणारा हा यज्ञ मला इतर सगळ्या यज्ञांपेक्षा थोर वाटतो. तो पुरोहित म्हणजे मागच्या जन्मीचे बुद्धच, असं सुत्त सांगतं.

आता सभापर्वाचा पाचवा अध्याय घ्या. युधिष्ठिराची नवी सभा बांधून झालीय, मयसभेचं सगळ्यांना कौतुक. नारद येतात आणि एकामागून एक प्रश्न टाकत सुटतात. राज्यात ठिकठिकाणी मोठे, भरलेले तलाव आहेत ना? शेती फक्त देवाच्या पावसावर टाकलेली नाही ना? (मूळ शब्द आहेत 'न कृषिर्देवमातृका'.) शेतकऱ्याजवळ बी आणि पोटाला धान्य आहे ना? हलक्या व्याजानं त्याला कर्ज देतोस ना? आंधळे, मुके, पांगळे, ज्यांना कुणी नाही असे, यांना बापासारखा सांभाळतोस ना?

बी, खाणं, कर्ज, तलाव. वैदिक ऋषी आणि बौद्ध सुत्तातला पुरोहित राजाला एकाच ठिकाणी पकडतात, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपल्या भागात, जिथं मृग कोरडा गेला की बी-बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठावं लागतं, तिथं हे प्रश्न जुने वाटतच नाहीत.

माझं म्हणणं असं. शिबीची दया एका जिवासाठी आहे आणि ती संकट दारात आल्यावर जागी होते. महाविजिताची दया वेळेआधी पोचते. राजाच्या बाबतीत दुसरी दया अस्सल, कारण त्याच्या हातात कोठार असतं. तुम्हाला काय वाटतं? आणखी कुठल्या कथा, शिलालेख आठवतात?

काळीमाती

धागा लई आवडला, वाखू (वाचनखूण) साठवली.

आमची आजी बहात्तरच्या दुष्काळातली. खडी फोडायच्या कामावर होती, अंबड तालुक्यात. तान्हं पोर लिंबाच्या सावलीत झोळीत टाकायचं आन् दिवसभर हातोडी. मिलो म्हणून तांबडी ज्वारी यायची अमेरिकेतून, तिची भाकरी थापता थापता मोडायची. पोरांना सुकडी मिळायची. आजी म्हणायची, "मिलो गळ्याखाली उतरत नव्हता, पण गाव सोडावं लागलं नाही." सरकारनं दया केली असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती म्हणायची, "काम मागितलं, काम भेटलं."

त्याच कामांमधून पुढं १९७७ ला महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला आन् २००५ ला देशाचा. पुरोहित म्हणतो ना, ज्याला जे काम करायची उमेद आहे त्याला त्यात उभं करा, ते वाचून मला आजीच आठवली. आमच्याकडचे कितीतरी पाझर तलाव त्याच कामांतले आहेत. नारदाचा तलावाचा प्रश्न आन् पुरोहिताचा पोटाचा प्रश्न एकाच हजेरीपटावर सुटला म्हणायचा.

सह्यकडा

लेख चांगला आहे, पण महाभारताचा राजधर्म इतका मऊ नाही, हे नोंदवतो. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला स्पष्ट बजावतात: सदा क्षमा करणाऱ्या राजाला हलके लोक जुमानत नाहीत, माहूत जसा हत्तीच्या डोक्यावर चढून बसतो तसे ते चढून बसतात. राजा वसंतातल्या सूर्यासारखा असावा, ना गार ना पोळणारा. त्याआधी अर्जुनानं दंडाची थोरवी सांगितलीच आहे.

आणि वनपर्वातली द्रौपदी विसरू नका. क्षमा-क्षमा करणाऱ्या नवऱ्याला ती प्रल्हाद आणि बळीचा संवाद ऐकवते. बळी आजोबांना विचारतो, क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हाद म्हणतो, नेहमी तेजही बरं नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. पहिला अपराध सगळ्यांचा पोटात घालावा, अजाणता घडलेला तर नक्कीच. जाणूनबुजून केलेला दुसरा घालू नये. पाडव्याला आपल्या आयाबहिणी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत ओवाळतात, तो बळी हा असा विचारपूस करून राज्य शिकलेला आहे. ज्याच्या धाकानं गुंड गप्प बसत नाहीत, त्याच्या दयेचा गरिबाला काय उपयोग?

गोदाकाठ

@सह्यकडा, प्रल्हाद-बळी संवाद आणलात, फार छान. पण दंड पुरतो का, हे बौद्धांनी कथा करून तपासलंय. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा सगळी राखण नीट करतो, फक्त निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढतं, कुणीतरी चोरी करतो. राजासमोर उभा केल्यावर म्हणतो, पोट भरत नव्हतं. राजाला दया येते, तो त्याला पैसे देतो. बातमी फुटते की चोरी केली की राजा पैसे देतो, मग चोऱ्या वाढतात. आता राजा उलट्या टोकाला जातो आणि एकाचं मुंडकं उडवायला लावतो. लोक म्हणतात, असं असेल तर आपणही धारदार शस्त्रं करू आणि ज्याला लुटू त्याचं मुंडकं उडवू. तिथून खून, खोटं, चहाडी, घसरण सुरू होते. माणसाचं आयुष्य ८०,००० वर्षांवरून उतरत उतरत १० वर्षांवर येतं.

म्हणजे चोराला पैसे देणारी दयाही फसली आणि तलवारही फसली. दोन्ही उशिरा आल्या. घसरण निर्धनाला धन न देण्यापासून सुरू झाली, हे सुत्त पुन्हा पुन्हा सांगतं.

मांजराकाठची

सविस्तर लिहिते, कारण या विषयावरचा माझा सर्वांत लाडका अध्याय अजून कुणी काढला नाही.

वटपौर्णिमेला आम्ही सगळ्याजणी वडाला सूत गुंडाळतो. सत्यवान आपल्याला माहीत आहे तो सावित्रीनं यमाकडून परत आणलेला नवरा म्हणून, झाडाखाली निपचित पडलेला. पण शांतिपर्वात द्युमत्सेन-सत्यवान संवाद आहे, तिथं तो बोलतो आणि काय बोलतो! बापाच्या हुकमानं काही माणसांना वधासाठी नेलं जात असतं. सत्यवान बापाला अडवतो. म्हणतो, कधी धर्म अधर्म होतो, कधी अधर्म धर्म होतो, हे मान्य. पण वधालाच धर्म म्हणायचं, हे होऊ शकत नाही.

द्युमत्सेनही कच्चा नाही. तो म्हणतो, मारायला हवा त्याला मारलं नाही तर सगळाच गोंधळ होईल. पूर्वी नुसतं धिक्कारलं तरी माणूस सुधरायचा, मग कडक शब्द लागू लागले, मग दंड वसूल करावा लागला, आता वधच करावा लागतो. यावर सत्यवानाचं उत्तर ऐका. एका दरोडेखोराला मारताना राजा त्याच्या बायकोला, आईला, बापाला, लेकरांना मारतो, ज्यांचा काही अपराध नाही. म्हणून शिक्षा अशी हवी की जीव जाणार नाही. दुष्ट माणसापोटीही चांगली संतती निपजते, मुळासकट उपटू नका.

मृत्यूच्या दारातून परत आलेला माणूस राजाला सांगतोय, कुणाला त्या दारात ढकलू नका. व्यासांनी हे नाव इथं योजून ठेवलं असेल असं माझं मन म्हणतं. सूत गुंडाळताना आता मला हा सत्यवान दिसतो आणि शेजारच्या मुलींना मी हा अध्याय सांगते. 'राजा कालस्य कारणम्' हे वचन सगळे फेकतात, पण त्याच पर्वात भीष्मांनी राजाला गर्भार बाईसारखं वागायला सांगितलंय, स्वतःला आवडतं ते सोडून पोटातल्या जिवाला जे मानवेल ते करणारी. बाळंतपणं काढलेल्या बाईला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

नागसेनवनातला

मी वेगळ्या बाजूनं बोलणार आहे, थोडं बोचेल.

राजाची दया कुणापर्यंत पोचते, हा प्रश्न धाग्यात अजून आलेला नाही. शरण आलेल्याला अभय देणं हे माझं व्रत, असं युद्धकांडात म्हणणारा राम उत्तरकांडात तप करणाऱ्या शंबूकाचं डोकं उडवतो. पितामह भीष्म राजधर्म सांगतात, त्याच महाभारतात एकलव्याचा अंगठा जातो आणि दरबारातलं कुणी हळहळत नाही. पैठणच्याच गौतमीपुत्र सातकर्णीचं घ्या. नाशिकच्या ३ नंबरच्या लेण्यात त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, कोरून ठेवलंय की अपराधी शत्रूचाही प्राण घेण्याची त्याला आवड नव्हती, रयतेच्या सुखदुःखात तो समरस व्हायचा, कर धर्मानं घ्यायचा आणि धर्मानं खर्चायचा. त्याच लेखात क्षहरात हा शत्रूचा वंश निःशेष केल्याचा आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याचा अभिमानही आहे. सगळं एका दमात. दयेची ओळ आणि वर्णाची ओळ एकाच छिन्नीनं कोरलेली.

अशोकालाही सूट नको. तेराव्या शिलालेखात तो कलिंगबद्दल मनापासून पश्चात्ताप करतो: दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. जगातल्या कुठल्या सम्राटानं आपल्या विजयाचा असा हिशेब दगडावर लिहिला? पण त्याच लेखात अटवींना, म्हणजे जंगलातल्या टोळ्यांना, इशारा आहे, की देवानांप्रिय पश्चात्तापात असला तरी त्याच्यात बळ आहे, वेळीच सुधरा. आणि हा लेख खुद्द कलिंगात, धौली-जौगडला कोरलेला नाही. तिथं वेगळे लेख आहेत.

आमच्या घरात दया हा शब्द फार सोसलेला आहे. गावाची दया म्हणजे दारात उभं राहून वरून टाकलेली भाकर. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला पुढे मिलिंद हे नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन. शिबीचं नाव दिलं नाही. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. मिलिंदपञ्हो या पाली ग्रंथात वादाला बसण्याआधीच भिक्खू नागसेन त्याला सांगतात: पंडितांसारखा वाद करणार असाल तर बोलतो, राजांसारखा करणार असाल तर नाही. पंडित हरला तरी रागवत नाही, राजा मात्र विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा देतो. आणि राजा अट मान्य करतो. भिक्खूपुढं आपला दंड बाजूला ठेवणारा राजा, मला तो मांस कापणाऱ्या राजापेक्षा जवळचा वाटतो. तिथं दया नाही, बरोबरी आहे.

काळीमाती

@नागसेनवनातला, भाकरीचं वाचून गप्प झालो. खरं हाय. आमची आजी "काम भेटलं" म्हणायची, त्याच्यामागंबी हेच असंल.

गोदाकाठ

@नागसेनवनातला, तुमच्या प्रतिसादानं धाग्याची खोली वाढली, मनापासून आभार. कूटदंत सुत्त मला याच कसोटीवर महत्त्वाचं वाटतं. पुरोहित बी-भांडवल देण्याला दान म्हणत नाही. ती राज्य नीट चालवण्याची रीत म्हणून येते, यज्ञाच्या आधी, यज्ञाच्या बाहेर. घेणाऱ्यानं हात जोडल्याचा उल्लेख नाही, राजाची स्तुती केल्याचाही नाही.

अशोकाबद्दल थोडी भर. कलिंगात जे वेगळे लेख आहेत, त्यांत 'सगळी माणसं माझी लेकरं' हे वाक्य आहे. पण मला त्याखालचा मजकूर जास्त मोलाचा वाटतो. तोसलीच्या नगरन्यायाधिकाऱ्यांना तो लिहितो, की कुणी माणूस विनाकारण तुरुंगात पडतो, छळला जातो, त्यानं आणखी कितीतरी लोक दुःखी होतात. मग तो अन्यायाची कारणं एकेक करून सांगतो: मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, चिकाटी नसणं, आळस, थकवा. अधिकाऱ्याचा आळस आणि थकवा हीसुद्धा क्रूरतेची कारणं आहेत, हे बावीसशे वर्षांपूर्वी एका सम्राटाला कळलं होतं. ज्यानं सातबारावरची एक नोंद दुरुस्त व्हावी म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याला हे वाचून भरून येईल. सहाव्या लेखात तर तो म्हणतो, मी जेवत असलो, अंतःपुरात असलो, कुठंही असलो तरी लोकांचं काम माझ्यापर्यंत आणा. देहदंड मात्र त्यानं रद्द केला नाही. चौथ्या स्तंभलेखात वधाची शिक्षा झालेल्यांना ३ दिवसांची मुदत दिलीय, नातेवाइकांना दाद मागता यावी म्हणून. सत्यवान त्याच्या दरबारात असता तर तीन दिवसांवर थांबला नसता.

मांजराकाठची

१७ नंबरच्या लेण्याचा विषय निघालाय तर तिथल्याच वेस्संतर जातकाबद्दल विचारते. दानशूर राजपुत्र म्हणून त्याला डोक्यावर घेतात. पण तो स्वतःची मुलं मागायला आलेल्याला देऊन टाकतो, बायकोही देतो. भिंतीवरची ती चित्रं पाहून माझा जीव कासावीस झाला होता. ही कसली पारमिता (दानाची परिपूर्णता)? लेकरांना कुणी विचारलं?

नागसेनवनातला

ताई, हाच प्रश्न मिलिंदानं नागसेनांना विचारलाय, मुलांना दुःख देऊन केलेलं दान कसलं पुण्याचं, म्हणून. नागसेन उत्तर देतात, पण राजाचा प्रश्न माझ्या मनात जास्त राहिला. परंपरेनंच आपल्या पोथीत तो जपून ठेवला, खोडला नाही.

सह्यकडा

वेस्संतरात आणखी एक गोष्ट आहे, ती या धाग्याला जास्त लागू पडेल. त्याला राज्याबाहेर का काढलं? कलिंगात दुष्काळ पडला होता. तिथून आठ ब्राह्मण आले आणि पाऊस आणणारा पांढरा हत्ती मागून घेऊन गेले. राजपुत्रानं तो देऊन टाकला आणि शिवी देशाचे नागरिक खवळले. हत्ती राज्याचा होता, तो एकट्यानं कसा दिला, म्हणाले. राजा संजयाला लोकांपुढं नमावं लागलं आणि मुलाला वनात धाडावं लागलं. शेजारच्या दुष्काळाची कणव एकीकडे आणि आपल्या माणसांचा हक्क दुसरीकडे. इथं दंड आणि क्षमेचा वाद उपयोगी पडत नाही, हे मीही मानतो.

काळीमाती

आमच्याकडं दर दोन-तीन वर्षांनी हेच चालू असतंय ना भाऊ! नाथसागर (पैठणचं जायकवाडी धरण) कोरडा पडला की वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं का नाही, त्याच्यावर मोर्चे, कोर्टकचेऱ्या. वरच्यांना वाटतंय आपलं पाणी चाललं, खालच्यांना वाटतंय आपल्या हक्काचं अडवलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते देणारे आन् घेणारे दोघंबी आपलेच. वेस्संतरानं हत्ती द्यायच्या आधी नागरिकांची सभा घेतली असती तर त्यांनी दिला असता का, हे मला जाणून घ्यायचंय. जातकात त्याचं काही उत्तर हाय का?

गोदाकाठ

थेट उत्तर नाही. पण शेवटाकडं कलिंगाचे लोक तो हत्ती परत आणून देतात, कारण तिकडं पाऊस झालेला असतो. म्हणजे घेणाऱ्यांनी गरज संपल्यावर परत केला. जी सभा दानाआधी व्हायला हवी होती, ती हत्ती गेल्यावर भरली आणि तिच्या हातात फक्त शिक्षा उरली. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा आपल्याकडे २००५ पासून आहे. त्यात वरच्या आणि खालच्या दोघांत पाणी कसं वाटायचं हे ठरवायची सोय आहे, आणि नारदाच्या तलावाच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न मला राजधर्मातला वाटतो. @सह्यकडा, शांतिपर्वात पाणी किंवा सामाईक मालमत्तेच्या वाटपावर भीष्म कुठं काही बोलल्याचं आठवत असेल तर अध्याय द्या. @नागसेनवनातला, मिलिंदपञ्होमधला तो वेस्संतराचा प्रश्न-उत्तराचा भाग इथं मराठीत टाकाल का? ताईंनी विचारलंय त्याला पुरं उत्तर त्याच्यातूनच मिळेल.